मॉरिशसचे किनारे आणि चालकासह घेतलेली गाडी: पाच दिवसांचा अनुभव

मॉरिशसला जाणाऱ्याला समुद्रकिनारे पाहण्यासाठी साधारण तीन मार्ग असतात: हॉटेलच्या पुळणीवरच आठवडा काढणे, एखाद्या पर्यटन कंपनीच्या ठरीव सहलींत नाव नोंदवणे, किंवा चालकासह गाडी दिवसाच्या भाड्याने घेऊन मनाप्रमाणे बेट हिंडणे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई, तिसऱ्या मार्गाने गेलो. मधला एक दिवस मात्र मोहाला बळी पडून दुसऱ्या मार्गावर खर्च केला. हे परीक्षण त्या दोन्ही सेवांचे आहे. तिथे घालवलेल्या पाच दिवसांत एक गोष्ट मला पक्की पटली: या बेटावर गाडीपेक्षा क्रम महत्त्वाचा असतो, आणि तो क्रम चालकाच्या यादीवरून न ठरवता समुद्राकडे पाहून आपणच ठरवावा लागतो.

गाडीचे भाडे दिवसाला ३००० मॉरिशियन रुपये ठरले होते. तिथला एक रुपया म्हणजे आपले पावणेदोन ते दोन रुपये, त्यामुळे हा आकडा ऐकताना वाटतो तितका लहान नाही. त्यात इंधन, चालक आणि सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच असे नऊ तास अंतर्भूत होते. बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि सुमारे ४५ किलोमीटर रुंद असल्याने अंतरे कमी वाटतात. परंतु किनाऱ्याचे रस्ते गावांमधून आणि उसाच्या शेतांमधून वळणे घेत जातात, आणि नकाशावर अर्ध्या तासाचा दिसणारा टप्पा तासाभराचा होतो. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, म्हणून स्वतः गाडी चालवण्याचा पर्यायही आपल्या लोकांना सोपा आहे. आम्ही तो घेतला नाही, कारण चालवणाऱ्याला समुद्र दिसत नाही.

पहिल्या सकाळी आम्ही पश्चिमेकडील फ्लिक आं फ्लाक इथे होतो. ही बेटावरील सर्वांत लांब पुळणींपैकी एक आहे, आणि तिच्या मागे सुरूच्या झाडांची दाट रांग आहे. क्रिओल भाषेत सुरूला फिलाओ म्हणतात. गुहागरच्या माहेरवाशीण असलेल्या सासूबाई त्या सावलीत बसल्या, वाळलेल्या काड्यांचा तो ओळखीचा खसखशीत आवाज ऐकला आणि इतका पैसा खर्चून आपल्याच वाडीच्या मागे आणून बसवले काय, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली. शंका रास्त होती, पण पायाखाली पाहिल्यावर फरक लगेच कळतो. गुहागरची वाळू करडी आणि ही जवळजवळ पांढरी. शिवाय समुद्राचा आवाजच नव्हता. लाटांची गाज दूरवरून, अर्ध्या-एक किलोमीटरवरच्या एका पांढऱ्या रेघेतून येत होती आणि किनाऱ्याशी पाणी तळ्यासारखे निवांत पडले होते.

ती पांढरी रेघ म्हणजे प्रवाळाची भिंत. मॉरिशस हे ज्वालामुखीने घडवलेले बेट आहे. त्याचे सर्वांत जुने खडक ८०-९० लाख वर्षांपूर्वीचे मानले जातात आणि ते सगळे काळे बेसाल्टचे आहेत. म्हणजे बेट काळे आणि वाळू पांढरी, असा हा विचित्र संसार आहे, कारण वाळू मुळी बेटाची नाहीच. ती प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा आहे. जवळपास संपूर्ण बेटाभोवती ही भिंत आहे, ती खुल्या समुद्राच्या लाटा अंगावर घेते आणि आत लगून नावाचे उथळ, पोपटी-निळे पाणी राखते. जिथे डोंगरावरून नदी येते तिथे गोडे पाणी आणि गाळ यांमुळे प्रवाळ वाढत नाही, भिंतीला खिंड पडते आणि लाटा आत येतात. जिथे भिंत नाही तिथे पुळणही फारशी टिकत नाही; उरतो तो नुसता कातळ. एवढे समजले की नकाशावर किनारा वाचता येतो: कुठे मुलांना पाण्यात सोडावे, कुठे फक्त काठावर उभे राहावे आणि कुठे वाळू करडी असेल, हे जाण्यापूर्वीच सांगता येते. आमच्या चालकाने, किंवा हॉटेलातल्या सहलींच्या टेबलावरील माणसाने, यातले काही सांगितले नाही. त्यांच्या लेखी सगळे किनारे ‘व्हेरी नाइस बीच’ होते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्याला या खडकात आणखी एक गोष्ट दिसावी. सह्याद्री आणि दख्खनचे पठार ज्या लाव्ह्याचे झाले, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्तस्थानावरून आला, त्याच तप्तस्थानाने पुढे भारतीय भूभाग उत्तरेकडे सरकत गेल्यावर लक्षद्वीप-मालदीवच्या प्रवाळांखालचा पाया आणि नंतर मॉरिशस घडवले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. आज ते शेजारच्या रेयुनियों बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर उसळतो. तेव्हा मॉरिशसचा कातळ पाहून हरिश्चंद्रगडाची आठवण झाली तर तो घरच्या ओढीचा खेळ नाही. दोन्ही दगड एकाच चुलीवरचे आहेत.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे निघालो. सर्व दिवसांत हाच मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. फ्लिक आं फ्लाकपासून तामारँला येईपर्यंत वाळूचा रंग बदललेला असतो. इथे नदी समुद्राला मिळते, भिंतीला खिंड आहे, वाळू करडी आहे आणि लाटा थेट किनाऱ्यावर फुटतात. त्यामुळे पोहणाऱ्यांपेक्षा फळ्या घेऊन लाटांवर स्वार होणारे अधिक दिसतात. गावाजवळ काळ्या दगडांत बांधलेली मिठागराची चौकोनी आगरे आहेत. सहलीच्या यादीत तामारँचे नाव फक्त पहाटेच्या डॉल्फिन सफरीसाठी असते. आम्ही ती सफर टाळली, कारण एका कळपाभोवती दहा-बारा बोटी घोंघावताना किनाऱ्यावरूनच दिसत होत्या आणि त्या गर्दीत आणखी एका बोटीची भर घालावी असे कोणालाच वाटले नाही.

तिथून पुढे ल मॉर्न. ५५६ मीटर उंचीचा हा एकसंध बेसाल्टचा डोंगर समुद्रात घुसलेल्या टोकावर उभा आहे. मळ्यांमधून पळालेल्या गुलामांनी याच्या कड्याकपारींत आसरा घेतला होता. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी घेऊन शिपाई वर येऊ लागले, तेव्हा आपल्याला पकडायलाच ते येत आहेत असे समजून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तिथे तोंडोतोंडी सांगितली जाते. २००८ मध्ये या जागेला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. डोंगराच्या पायथ्याची सार्वजनिक पुळण स्वच्छ, सावलीची आणि मुलांसाठी सुरक्षित आहे. वाऱ्याच्या बाजूला मात्र पतंगाच्या दोरीवर पाण्यावरून धावणाऱ्यांचे राज्य असते. जाहिरातींमध्ये दिसणारा ‘पाण्याखालचा धबधबा’ ही याच टोकाजवळची गोष्ट आहे. उतारावरून घसरत गेलेली वाळू आणि गाळ यांमुळे होणारा तो दृष्टिभ्रम केवळ आकाशातून दिसतो, त्यामुळे किनाऱ्यावर उभे राहून तो शोधत बसू नये. मुलीने अर्धा तास शोधला.

ल मॉर्नच्या पुढचा, बे द्यू कॅपचा रस्ता हाच दिवसभराचा खरा किनारा आहे असे म्हणता येईल. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला हातभर अंतरावर पाणी आणि माकोंदे इथे काळ्या कातळाला वळसा घालून जाणारा अरुंद रस्ता. गाडी जिथे थांबवावी असे वाटते तिथे नेमकी जागा नसते. इथे आमच्या चालकाने पहिल्यांदा आपली किंमत सिद्ध केली. त्याने आम्हाला वळणाआधी उतरवले, स्वतः पुढे जाऊन गाडी लावली आणि सासूबाईंना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत अशा ठिकाणी खुर्ची मांडून दिली.

मग सुइयाकजवळचे ग्रि ग्रि. या ठिकाणी प्रवाळभिंत तुटलेली आहे. आधीचे दीड दिवस ज्याने मांजरासारखे पायाशी लोळण घेतली तोच समुद्र इथे कड्यावर धडका देतो, दगडाखालच्या कपारींत शिरतो आणि पांढरा होऊन परत फिरतो. अंटार्क्टिकापर्यंत मध्ये दुसरी जमीन जवळपास नाही, हे लक्षात घेतले की त्या लाटांचा जोर समजतो. खाली एक छोटी पुळण आहे, पोहू नये अशी स्पष्ट सूचनाही आहे आणि ती पाळावी. पाण्याची ओढ वरून पाहतानाही जाणवते. थोडे पुढे चालत गेल्यावर ‘रडणारा खडक’ म्हणून ओळखला जाणारा कातळ लागतो, ज्याच्या अंगावरून प्रत्येक लाटेनंतर पाण्याच्या धारा ओघळतात. चालकाच्या यादीत ग्रि ग्रिला वीस मिनिटे होती. आम्ही दोन तास थांबलो आणि त्याने घड्याळाकडे पाहिले नाही, हेही नोंदवतो.

तक्रार याच दिवसाच्या परतीची आहे. सकाळी काही न सांगता, परतताना गाडी आतल्या रस्त्याने वळवून लाकडी जहाजांच्या प्रतिकृती विकणाऱ्या एका दुकानासमोर उभी करण्यात आली. पाच मिनिटे पाहा, घ्यायलाच हवे असे नाही, हा आग्रह जगभर एकाच सुरात केला जातो. पाऊण तास गेला आणि तामारँचा सूर्यास्त हुकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सौम्यपणे सांगितले की दुकानांची दलाली तुम्हाला मिळत असेल तर तेवढी रक्कम आमच्याकडून घ्या, पण गाडी समुद्राकाठीच राहू द्या. चालक मनमोकळे हसला, रक्कम त्याने घेतली नाही आणि पुन्हा दुकान दाखवले नाही. गाडी ठरवतानाच ही अट घातली असती तर तो पाऊण तास वाचला असता.

तिसरा दिवस आग्नेयेचा, म्हणजे ब्लू बे आणि प्वँत देस्नीचा. विमानतळ इथून जवळच आहे, त्यामुळे अनेक प्रवासी हा भाग शेवटच्या दिवसाच्या उरल्यासुरल्या तासांत उरकतात, आणि तिथेच फसतात. ब्लू बेचे पाणी संरक्षित सागरी उद्यान असून २००८ पासून ते रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आहे. काचेच्या तळाच्या होडीतून तासाभरात प्रवाळ पाहता येतात, आणि पाण्यात उतरणे शक्य नसलेल्या सासूबाईंसाठी हा सबंध प्रवासातील सर्वोत्तम तास ठरला. होडीवाल्याने प्रवाळावर नांगर टाकला नाही, बांधून ठेवलेल्या तरंगत्या पिंपालाच होडी अडकवली, हे पाहून बरे वाटले. प्रवाळ सगळीकडे रंगीत नाहीत. तापलेल्या पाण्याने पांढरे पडलेले भाग दिसतात, आणि होडीवाला ते लपवत नाही. प्वँत देस्नीच्या समोरच २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ हे मालवाहू जहाज प्रवाळभिंतीवर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये सांडले. तेव्हा गावकऱ्यांनी कापडात उसाचे पाचट भरून लांबच लांब बांध शिवले आणि पाण्यात सोडले. आज वाळूवर त्याची खूण आमच्या नजरेला तरी दिसली नाही.

त्याच किनाऱ्यावरून इल ओ एग्रेत या राखीव बेटावर जाता येते. ते सव्वीस हेक्टरचे आहे आणि बेसाल्टचे नसून प्रवाळाच्या चुनखडीचे आहे; तिथे गुलाबी कबुतरे आणि महाकाय कासवे मोकळी फिरतात. वाटाड्यासह चालण्याची सहल सुमारे दीड तासाची होती आणि जमीन उंचसखल आहे, म्हणून ज्येष्ठांनी विचार करून जावे.

चौथ्या दिवसाबद्दल लिहिणे जिवावर येते. हॉटेलच्या टेबलावरून आम्ही त्रू द् ओ दूसहून निघणारी, इल ओ सेर्फला नेणारी दिवसभराची स्पीडबोट सहल घेतली: माणशी १८०० रुपये, धबधबा, पोहणे, जेवण आणि ‘निर्जन पुळण’ असे आश्वासन. त्रू द् ओ दूस या नावाचा अर्थ गोड्या पाण्याचे विवर. बेसाल्टमधून झिरपलेले पाणी तिथे किनाऱ्याशी वर येते. एवढी एक गोष्ट वगळता दिवसात शिकण्यासारखे काही घडले नाही. धबधब्यासमोर बोट पाच मिनिटे थांबली, तीही आधीच्या सहा बोटींच्या मागे. माकडे दिसावीत म्हणून त्यांना आणि मासे जमावेत म्हणून पाण्यात पाव टाकण्यात आला. शाकाहारी जेवणाची नोंद आधी केलेली असूनही ताटात भात, कोबीचे काप आणि केळे एवढेच आले. इल ओ सेर्फची वाळू खरोखर देखणी आहे आणि पाणी कमरेएवढे, पण आम्ही पोचलो तेव्हा त्या निर्जन पुळणीवर छत्री उघडायला जागा नव्हती. परतीच्या प्रवासात आग्नेयेचा वारा सुटला आणि सगळे चिंब भिजले. मे ते ऑक्टोबर या काळात पूर्व किनाऱ्यावर हा वारा जोरात असतो, हे तिकीट विकताना कोणी सांगितले नाही. बोट सहलीला पाचपैकी दीड गुण, आणि त्यातला अर्धा वाळूसाठी. बेट पाहायचेच असेल तर त्रू द् ओ दूसच्या धक्क्यावरून केवळ जा-ये करणारी बोट सकाळी लवकर घ्यावी.

त्या संध्याकाळी चालक आम्हाला घ्यायला आला तेव्हा आमचे चेहरे पाहून त्याने काही विचारले नाही; सरळ बेल मारच्या सार्वजनिक पुळणीवर नेले. तिथे एका हॉटेलच्या रखवालदाराने, ही जागा पाहुण्यांसाठी आहे, असे सांगून आम्हाला अडवू पाहिले. चालकाने शांतपणे सांगितले की भरतीच्या रेषेखालची वाळू कोणाच्याही मालकीची नसते, आणि रखवालदार मागे सरकला. किनाऱ्यालगतचा ८१.२१ मीटरचा पट्टा तिथे फ्रेंच काळापासून सरकारी समजला जातो. हॉटेले तो भाडेपट्ट्याने घेतात, पण ओली वाळू सर्वांची राहते. परक्या पाहुण्याला हे माहीत नसते, आणि इतके माहीत असलेला माणूस सोबत असणे ही गाडीच्या भाड्यातील छापली न जाणारी रक्कम आहे.

भरतीचा उल्लेख आला म्हणून सांगतो: कोकणात भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय किनाऱ्यावर जाणे शहाणपणाचे नसते, कारण पाणी चार मीटरच्या वरही चढते-उतरते. मॉरिशसला हा फरक अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, आणि वेळापत्रकाऐवजी पायांतल्या रबरी बुटांची काळजी घ्यावी लागते. प्रवाळाचे तुकडे, काटेरी सी-अर्चिन आणि दगडासारखाच दिसणारा विषारी स्टोनफिश या तिघांसाठी ते बूट आवश्यक आहेत. ते मुंबईहून न्यावेत.

पाचवा दिवस उत्तरेचा, आणि तो मी लवकर संपवतो. ग्रां बे म्हणजे दुकाने आणि नौका. त्रू ओ बिश आणि मों श्वाझीच्या पुळणी लहान मुलांसाठी उत्तम, पाणी शांत आणि वारा कमी. काप मालेरोला लाल छपराचे छोटे चर्च आहे आणि त्याच्या मागे क्षितिजावर क्वँ द मिर हे पाचरीसारखे बेट. इथे प्रत्येक जण तेच एक छायाचित्र काढतो, आम्हीही काढले.

खाण्याबद्दल दोन वाक्ये लिहिली पाहिजेत. किनाऱ्यावरच्या हातगाड्यांवर मिळणारी धोल पुरी म्हणजे वाटलेल्या डाळीचे पुरण भरलेली, पण गोड नसलेली, पातळ पोळी. दोन-दोनच्या जोडीने शेंगांची आमटी आणि चटणीसह कागदात गुंडाळून देतात, आणि आमची दुपारची सोय पाचपैकी चार दिवस तिनेच केली. गातो पिमाँ हे नाव मिरचीच्या केकाचे असले तरी वस्तू आपला डाळवडाच आहे. शाकाहाऱ्यांनी या बेटावर हॉटेलात जेवून पैसे घालवू नयेत.

मराठी वाचकांसाठी एक थांबा यादीत मुद्दाम घालावा. फ्लिक आं फ्लाकपासून जवळच कास्काव्हेल हे गाव आहे, जिथे एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून आलेल्या मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आणि देऊळ आहे. चालकाची आई त्या समाजातली निघाली. त्याला मराठी फारसे येत नव्हते, पण गणपतीत झाकरी नाचतात हे त्याने सांगितले, आणि गुहागरच्या सासूबाईंनी जाखडी हा त्याच नाचाचा कोकणातला शब्द उच्चारताच पुढच्या दहा किलोमीटरमध्ये आम्हा तिघांना बोलायला वाव राहिला नाही. गणेश चतुर्थीनिमित्त मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते आणि विसर्जन याच किनाऱ्यांवर होते. तारखा जमत असतील तर त्या दिवसांत जाण्याचा विचार करावा.

परतीचे विमान रात्रीचे होते. उत्तरेहून दुपारी निघून पुन्हा दक्षिणेला, ग्रि ग्रिला जाता येईल का, असे मी विचारले. यादीत नसलेला, बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा हा फेरा होता आणि नऊ तासांची मर्यादा नक्की ओलांडली जाणार होती. चालकाने जादा दोन तासांचे ६०० रुपये सांगितले, तेवढेच घेतले आणि सूर्य कलताना आम्हाला कड्यावर सोडले. गाडीला पाचपैकी साडेचार; अर्धा गुण त्या जहाजांच्या दुकानाचा. ठरवताना जादा तासांचा दर, दुकानांबाबतची अट आणि विमानतळावर सोडण्याचे भाडे हे तीनही कागदावर लिहून घ्यावे, आणि दक्षिणेच्या दिवशी दुपारचे खाणे गाडीतच ठेवावे, कारण आम्ही थांबलो तेव्हा ग्रि ग्रिच्या कड्यापाशी एका आइस्क्रीमच्या गाडीशिवाय काही नव्हते.